मडके थापटून पाहणारा कवी

कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते, हे ओळखण्याची रीत धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात माठ घेताना आपल्या आजीने बोटाची टिचकी मारून आवाज ऐकला, आईनेही तेच केले. तेरच्या गोरोबाकाकांनी तर ही परीक्षा संतांच्या डोक्यांवर केली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. काकांच्या घरी संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहिले आणि हे कशासाठी म्हणून विचारले. मडकी पक्की की कच्ची हे पाहण्यासाठी, असे काकांनी सांगितले. मग इथे बसलेल्या मडक्यांचीही परीक्षा होऊन जाऊ द्या, असे ठरले. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांना मात्र राग आला, आणि तेच कच्चे ठरले.

या कथेतली एक गोष्ट आपण सहसा विसरतो. काकांना नामदेवांची निंदा करायची नव्हती. अजून भट्टी लागायची आहे, एवढेच त्यांना सांगायचे होते. ते ऐकल्यामुळेच नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले. कच्च्याला पक्के म्हणून गौरवले असते, तर सर्वांत मोठे नुकसान नामदेवांचेच झाले असते.

आज ज्या कवीविषयी लिहायचे आहे, त्याचा तेरशी किंवा आपल्या जिल्ह्याशी थेट संबंध नाही. बाळ सीताराम मर्ढेकर हे त्याचे नाव. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी कवितेत ज्याने हे थापटणे हाती घेतले, तो हाच कवी. प्रेम, निसर्ग, शहर, यंत्र, स्वातंत्र्य, देवभक्ती आणि शेवटी स्वतःचे मन, अशा प्रत्येक मडक्यावर त्याने टिचकी मारून पाहिली. आवाज बद्द आला तेव्हा बद्द आला असे सांगितले. लोक रागावले. निराशावादी, दुर्बोध आणि अश्लील अशी तीन विशेषणे त्याला चिकटली. त्यातले पहिले विशेषण आजही सुटलेले नाही. शाळा-कॉलेजांतल्या कित्येक मुलांना मर्ढेकरांची पहिली ओळख निराशेचा कवी अशीच होते. ही ओळख कितपत खरी आहे, हे पाहायचे असेल तर त्यांच्या आयुष्याकडे जरा निवांतपणे पाहायला हवे.

खानदेशातून लंडनला

मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ चा. गाव खानदेशातले फैजपूर. पुढे १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच फैजपूरला झाले. घराण्याचे मूळ आडनाव गोसावी. साताऱ्याकडचे मर्ढे हे त्यांचे मूळ गाव, त्यावरून मर्ढेकर हे आडनाव रूढ झाले. वडील शिक्षक होते. शिक्षकाच्या घरात त्या काळी जे असायचे तेच इथे असणार: बेताचा पगार, पाठांतराची शिस्त आणि मुलाने शिकून मोठे व्हावे ही इच्छा. खानदेशातल्या शाळांतून मुलगा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आला आणि १९३० च्या सुमारास आय. सी. एस. होण्याच्या उद्देशाने विलायतेला गेला.

त्या काळात आय. सी. एस. म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकांनाही समजू शकेल, कारण आपल्या घराघरांतली मुले आजही स्पर्धा परीक्षांच्या मागे वर्षामागून वर्षे घालवत आहेत. पास झाला तर कलेक्टर, नाही तर पदरात फक्त खर्च. मर्ढेकर आय. सी. एस. झाले नाहीत. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, ते काम न होताच परत यावे लागले. हे अपयश लहान नव्हते. पण लंडनने त्यांना दुसरे काही दिले, आणि मराठी साहित्याच्या दृष्टीने ते कलेक्टरच्या खुर्चीपेक्षा मोलाचे ठरले.

पहिल्या महायुद्धाच्या खुणा तेव्हा युरोपच्या अंगावर ताज्या होत्या. सुधारलेल्या, शिकलेल्या म्हणवणाऱ्या देशांनी चार वर्षांत एकमेकांची लाखो तरुण माणसे मारली होती. त्यानंतर बागेतली फुले आणि चांदणे यांच्यावर पूर्वीसारखे लिहिणे इंग्रज कवींना अवघड झाले. टी. एस. एलियट यांचे पडीक जमिनीचे रूपक घेऊन लिहिलेले दीर्घकाव्य १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. हे एलियट काही वर्षे लंडनमध्ये लॉइड्स बँकेत नोकरीला होते. सकाळी कामावर निघालेली गर्दी ते कवितेतून पाहत होते आणि स्वतःही त्या गर्दीतलेच होते. त्याआधीच्या पिढीतले टॉमस हार्डी १९२८ मध्ये वारले. आयुष्यभर त्यांना निराशावादी म्हणून हिणवले गेले आणि आयुष्यभर ते या शब्दाला हरकत घेत राहिले. जगाची सुधारणा व्हायची असेल, तर आधी त्यातले वाईटात वाईट काय आहे ते नीट पाहिले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. रोग्याला बरे करायचे असेल तर वैद्याने आधी रोगाचे नाव घेतले पाहिजे, इतकी ती साधी होती.

तरुण मर्ढेकर या हवेत वावरले. त्यांनी भरपूर वाचले, चित्रे आणि शिल्पे पाहिली, आणि कला म्हणजे काय या प्रश्नाने त्यांना पछाडले. त्यांचे ‘आर्ट्स अँड मॅन’ हे इंग्रजी पुस्तक १९३७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या तिशीआधी परक्या भाषेत सौंदर्यशास्त्रावर पुस्तक लिहिणारा हा खानदेशातल्या शिक्षकाचा मुलगा होता.

रेडिओतला अधिकारी

मायदेशी परतल्यावर मर्ढेकरांनी काही काळ वृत्तपत्रात काम केले, मुंबईत कॉलेजात इंग्रजी शिकवले आणि १९३८ च्या सुमारास ते ऑल इंडिया रेडिओत गेले. आयुष्याच्या शेवटापर्यंत ते याच नोकरीत होते. नोकरी सरकारी, म्हणून बदल्याही सरकारी. निरनिराळ्या केंद्रांवर त्यांना राहावे लागले. मराठीतला एवढा मोठा कवी आयुष्याचा बराच काळ फायली, ध्वनिमुद्रणे आणि कार्यक्रमांच्या वेळापत्रकात घालवत होता. कविता व्हायची ती त्यातूनच वेळ काढून.

रेडिओने त्यांना कानाची शिस्त दिली असे म्हटले तर चूक होणार नाही. ‘कर्ण’, ‘संगम’, ‘औक्षण’ आणि ‘बदकांचे गुपित’ या त्यांच्या संगीतिका. ‘नटश्रेष्ठ’ हे नाटकही त्यांनी लिहिले. ‘रात्रीचा दिवस’ ही १९४२ ची कादंबरी तर मराठी वाचकाला अगदीच नवीन होती. तिच्यात कथानकापेक्षा माणसाच्या मनात उलटसुलट वाहणारे विचार जास्त होते, आणि मराठीत या पद्धतीचा पहिला प्रयोग म्हणून तिचे नाव घेतले जाते. त्यानंतर ‘तांबडी माती’ आणि ‘पाणी’ या आणखी दोन कादंबऱ्या आल्या.

पण मर्ढेकर ओळखले गेले ते कवी म्हणूनच. त्यांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ १९३९ मध्ये निघाला. जे लोक मर्ढेकरांना जन्मजात रुक्ष समजतात, त्यांनी हा संग्रह जरूर चाळावा. यातल्या कविता हळव्या आहेत, प्रेमभंगाच्या आहेत, त्यात पानगळ आहे, हुरहुर आहे. बालकवी आणि माधव जूलियन यांच्या वळणावर वाढलेला एक गुणी तरुण इथे दिसतो. तो तसाच लिहीत राहिला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती आणि आज त्याची फारशी आठवणही राहिली नसती.

आठ वर्षांत काय घडले

‘शिशिरागम’ नंतरचा संग्रह ‘काही कविता’ १९४७ मध्ये आला. मधली आठ वर्षे म्हणजे दुसरे महायुद्ध, १९४३ चा बंगालचा दुष्काळ, धान्याचे रेशनिंग, काळा बाजार, १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत झालेला प्रचंड स्फोट, १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेले अणुबॉम्ब, आणि शेवटी फाळणीचे रक्त. एवढे सगळे आठ वर्षांत पाहिल्यावर ज्याची भाषा बदलणार नाही, त्याच्या संवेदनेविषयीच शंका घ्यावी लागेल.

मर्ढेकरांची भाषा मुळापासून बदलली. मराठी कवितेत तोवर न आलेल्या वस्तू तिच्यात दिसू लागल्या: विजेवर धावणारी लोकल, रेल्वेचा फलाट, दिव्याचे खांब, कारखान्याचा भोंगा, पिंपे, चहा-कॉफी. पंक्चर हा सायकलच्या दुकानातला शब्द घेऊन त्यांनी त्याचे चक्क मराठी क्रियापद केले. हे सगळे त्यांनी ओवी-अभंगासारख्या जुन्या, घरगुती छंदांत बसवले. रामदासांच्या उपदेशाची चाल घ्यायची आणि तिच्यात सकाळी उठून गाडी गाठणाऱ्या चाकरमान्याचा दिनक्रम सांगायचा, हा प्रकार लोकांना थट्टेचा वाटला. तो काही अंशी थट्टेचा होताही. पण त्या थट्टेच्या तळाशी एक प्रश्न होता. ज्या चालीत समर्थांनी माणसाला जगावे कसे हे सांगितले, त्याच चालीत आजच्या माणसाचे जगणे मांडले तर ते इतके केविलवाणे का दिसते?

त्यांची सर्वांत गाजलेली कविता उंदरांवरची आहे. पिंपांत मरून पडलेल्या ओल्या उंदरांचे चित्र ती डोळ्यांसमोर उभे करते. त्या वेळच्या रसिकांना धक्का बसला. कवितेचा विषय मोर असावा, फार तर चिमणी असावी. उंदीर, तोही मेलेला, कसा काय? मुंबईला उंदीर म्हटले की १८९६ च्या प्लेगची आठवण होते हेही खरे. या कवितेचा अर्थ लावण्यात टीकाकारांच्या पिढ्या गेल्या. कोणाला त्यात महायुद्धातले सामूहिक मरण दिसले, कोणाला चाळीच्या अंधाऱ्या खोलीत जगून तिथेच संपणारा गरीब माणूस दिसला. अर्थ कोणताही घ्या, न मागता मिळालेले जगणे आणि न मागता आलेले मरण यांच्यात सापडलेल्या जिवाबद्दलची कणव तिच्यात आहे. मेलेल्या उंदरासाठीही ज्याच्या पोटात कालवते, त्याला कोरडा कसे म्हणायचे?

गणपत वाणी ही त्यांची दुसरी प्रसिद्ध व्यक्तिरेखा. बिडी ओढता ओढता तोंडात काडी चघळणारा हा छोटा दुकानदार. आपल्या जागेवर एक दिवस माडी बांधायची, एवढेच त्याचे स्वप्न. दिवस जातात, वर्षे जातात, माडी काही होत नाही, आणि वाणी एक दिवस मरून जातो. तुमच्या आमच्या प्रत्येकाच्या गावात, पेठेत, एस. टी. स्टँडसमोर असा एक गणपत वाणी आपण पाहिलेला आहे. मर्ढेकरांनी त्याला हुतात्मा केले नाही, की त्याची टिंगलही केली नाही. तो जसा होता तसा ठेवला. मराठी कवितेत राजे आले होते, संत आले होते, शेतकरीही आला होता. असा किरकोळ माणूस त्याच्या काडीसकट आला तो इथे.

खटला

या संग्रहावर दोन बाजूंनी हल्ला झाला. रसिकांनी तो दुर्बोध ठरवला आणि सरकारने अश्लील. त्यातल्या काही कवितांवरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला. जो माणूस स्वतः सरकारी नोकरीत, कुटुंबाचा चरितार्थ ज्या पगारावर, त्याच्यावर सरकारच खटला भरते, या प्रसंगाची कल्पना करून पाहावी. नोकरदार माणसाला साधी कारणे दाखवा नोटीस आली तरी घरात दोन दिवस धड जेवण जात नाही. इथे तर कोर्ट होते आणि बेअब्रू होती. शेवटी मर्ढेकर निर्दोष सुटले. पण मधल्या काळाचा मनस्ताप कोणत्याही निकालपत्राने भरून निघत नाही.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या सर्व काळात त्यांनी आपली लेखणी म्यान केली नाही. ‘आणखी काही कविता’ हा तिसरा संग्रह १९५१ मध्ये आला. नावातच एक शांत हट्ट आहे. आधीच्या काही कवितांवर तुम्ही खटला भरलात. ठीक आहे, या घ्या आणखी काही. मनाने खचलेला, सर्व आशा सोडलेला माणूस असे वागत नाही.

आपल्याकडे तेव्हा काय चालले होते

‘काही कविता’ निघाली त्या वर्षी, १९४७ मध्ये, आपला जिल्हा कुठे होता हेही आठवावे. १५ ऑगस्टला मुंबईत रोषणाई झाली. उस्मानाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथे तिरंगा लावणे हा गुन्हा होता. रझाकारांच्या भीतीने सरहद्दीवरची कित्येक कुटुंबे पलीकडे बार्शी, सोलापूरकडे गेली. इथे स्वातंत्र्य आले ते १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिने उशिरा. पंधरा ऑगस्टच्या आनंदात सामील न होता आल्याची आठवण आपल्याकडच्या जुन्या माणसांनी आयुष्यभर जपली.

मर्ढेकरांना या घटनांवर लिहायचे नव्हते, आणि त्यांनी लिहिलेही नाही. तरीसुद्धा मराठवाड्यातल्या वाचकाला त्यांची कविता परकी वाटू नये, असे मला वाटते. उत्सवाच्या दिवशी उत्सवात कोण कोण नाही, हे पाहण्याची सवय या मातीला आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी अजून आपल्यात आहे. पाऊस येणार, येणार असे म्हणत आभाळाकडे पाहणारा शेतकरी निराशावादी नसतो. पण विहिरीत दोर सोडून पाणी किती हात खाली गेले हे तो रोज पाहतो. ते न पाहता केवळ आशा बाळगणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोण विसरेल? गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीपासून आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरपर्यंत गावेच्या गावे ढिगारा झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. नंतर जाणकारांनी जे सांगितले ते फार कडू होते. भूकंप काही जगातला सर्वांत मोठा नव्हता, त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. माणसे मेली ती आपल्याच घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे माती चढवलेली जड माळवदे. ज्या भिंती आपण पिढ्यान् पिढ्या भक्कम समजत होतो, त्या आतून सुट्या होत्या.

इथे मला पुन्हा थापटणे आठवते. समजा, भूकंपाच्या आधी कोणी गावात येऊन म्हणाला असता की बाबांनो, तुमच्या या भिंती पोकळ आहेत, तर आपण त्याला काय म्हटले असते? अभद्र बोलू नको, असेच म्हटले असते. पण तो माणूस गावाच्या वाइटावर असता का? भिंत पोकळ आहे हे सांगणारा आणि भिंत पडो म्हणणारा यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. भूकंपानंतर पुनर्वसनाची घरे बांधली गेली ती भिंतीबद्दलचे खरे ज्ञान पदरात पडल्यानंतर. ते ज्ञान हजारो जिवांच्या किमतीत मिळाले. आधी मिळाले असते तर?

निराशा आणि वास्तव यांतला फरक इतका सरळ आहे. काहीच होणार नाही, असे निराशा म्हणते आणि हात बांधून बसते. वास्तव फक्त म्हणते, हे असे आहे. पुढे काय करायचे ते ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. मर्ढेकरांची कविता बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची आहे. शहर माणसाला मुंगी करते, यंत्र त्याला खिळा करते, भाषा बोलून बोलून पोकळ होते, हे ती सांगते. सांगताना तिचा आवाज कधी कडवट होतो हे मान्य केले पाहिजे. पण कडवटपणा तिथेच येतो, जिथे काही गोड असायला हवे होते याची आठवण शिल्लक असते.

आणि अशी आठवण मर्ढेकरांकडे भरपूर होती. चांदण्यात गेल्याला किती दिवस झाले याची हळहळ करणारी त्यांची कविता वाचावी. नदीकाठ, पोहणे, मोकळे आकाश यांची ओढ त्यात आहे. माघातल्या सकाळी जागी होणारी मुंबई त्यांना गर्भवती स्त्रीसारखी तृप्त आणि सुंदर दिसली, तीही एक कविता आहे. पहाटेच्या दवातल्या भेटीची प्रेमकविता तर आज गाण्याच्या मैफलींतही ऐकू येते. आणि एका प्रार्थनेत त्यांनी देवाकडे मागणे मागितले आहे ते धनाचे नाही, कीर्तीचे नाही, स्वतःच्या मनाचा कठीणपणा जावा याचे. निराशावादी माणूस प्रार्थना करत नाही. प्रार्थना करायला समोर कोणी तरी ऐकणारा आहे, एवढा तरी विश्वास लागतो.

दुसरी बाजू

मर्ढेकरांची बाजू मांडताना दुसरी बाजू लपवली तर त्यांच्याशीच बेइमानी होईल. त्यांच्या काही कविता खरोखरच कठीण आहेत. वाचकाने घाम गाळावा ही अपेक्षा ठीक, पण काही ठिकाणी घाम गाळूनही हाती काही लागत नाही. इंग्रजी वाचन ज्याच्या पाठीशी नाही, त्याला काही संदर्भ लागत नाहीत. खेडे त्यांच्या कवितेत येते ते बहुधा आठवणीत. गिरणी कामगार येतो तो खिडकीतून पाहिलेला. कामगाराने स्वतः बोलायला सुरुवात केली ती नारायण सुर्व्यांपासून, १९६६ च्या ‘माझे विद्यापीठ’ मध्ये. ज्या वस्तीकडे पांढरपेशा कवी नाक दाबून पाहत होता, ती वस्ती स्वतःच्या भाषेत उभी राहिली १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ त. ही माणसे मर्ढेकरांपेक्षा वेगळ्या वाटेने आली, वेगळे दुःख घेऊन आली. पण कवितेत कोणता शब्द चालतो आणि कोणता चालत नाही, या दाराची कडी आधीच कोणी तरी काढून ठेवली होती. त्यासाठी कोर्टाची पायरीही चढली होती.

कवितेइतकेच त्यांनी समीक्षेचे काम केले. ‘वाङ्मयीन महात्मता’ हे पुस्तक १९४१ चे. साहित्यकृती चांगली कशामुळे ठरते? तिच्यातल्या उपदेशामुळे की तिच्या घडणीमुळे? या प्रश्नाचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांनी सांगितलेली लयीची तत्त्वे आजही मराठीच्या वर्गांत शिकवली जातात. मला त्यातला विरोध हा शब्द महत्त्वाचा वाटतो. एकसारख्या गोड सुरांनी गाणे होत नाही, हे त्यांना कलेच्या अभ्यासातूनच पटले होते. मग त्यांच्या स्वतःच्या कवितेत कडू सूर लागला, यात नवल काय?

‘सौंदर्य आणि साहित्य’ हा त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी, २० मार्च १९५६ ला, मर्ढेकर दिल्लीत वारले. वय अवघे सेहेचाळीस. ज्याच्या कवितेवर एका सरकारने खटला भरला, त्याच्याच ग्रंथाला राष्ट्रीय सन्मान मिळाला, आणि दोन्ही गोष्टी दहा वर्षांच्या आत घडल्या. पुढे विजया राजाध्यक्ष यांनी त्यांच्या कवितेचा जो विस्तृत अभ्यास केला, त्यालाही १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गेल्या शतकातल्या किती मराठी कवींच्या वाट्याला असा अभ्यास आला?

घरातले मर्ढेकर

जानेवारी २०२० मध्ये आपल्या शहरात त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. संमेलनाच्या नगरीला नाव दिले होते संत गोरोबाकाकांचे. ते नाव योग्यच होते. साहित्याचे काम अखेर काय आहे? गावाने, समाजाने, आपल्या मनाने घडवलेली मडकी थापटून पाहणे, आणि जो आवाज येईल तो न घाबरता सांगणे. सत्कार, हारतुरे, भाषणे ही सगळी त्यानंतरची गोष्ट.

आपल्या घरांत मुलांसमोर दुःखाचा विषय टाळण्याची पद्धत आहे. परीक्षेत नापास झालेला मुलगा, कर्जात बुडालेला काका, दारूने गेलेला शेजारी, यांच्याविषयी आपण आवाज खाली करून बोलतो किंवा बोलतच नाही. शेतकरी कुटुंबांत तर ओझे एकट्याने वाहत राहण्याची सवय किती महाग पडते, हे या जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे. सगळे ठीक आहे, असे म्हणत राहणारे घर बाहेरून भक्कम दिसते, आमच्या जुन्या माळवदासारखे. ज्या घरात दुःखाचे नाव घेता येते, त्या घरात ते वाटूनही घेता येते. दुःखाचे नाव कसे घ्यावे, ओरडा न करता, रडगाणे न गाता, नेमक्या शब्दांत, हे चांगली कविता शिकवते. म्हणूनच मर्ढेकर घरात असावेत.

पुस्तक महाग नाही, फार जाडही नाही. एखाद्या रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर ते उघडावे. गणपत वाण्याची कविता मोठ्याने वाचून दाखवावी आणि मुलांना विचारावे, हा माणूस तुम्ही कुठे पाहिला आहे का? बहुतेक मुले लगेच एखादे नाव सांगतील. मग हळूच विचारावे, त्याची माडी का झाली नाही? यावर जे बोलणे होईल ते निराशेचे असणार नाही. आपल्या गावाबद्दलचे, आपल्या माणसांबद्दलचे असे बोलणे आपल्या घरात कदाचित पहिल्यांदाच होईल.